आमसुलानं घासलेलं घड्याळ

त्यांना वेळ विचारायची सोय नव्हती. आख्ख्या रत्नागिरीची घड्याळं दुरुस्त करणारा हा माणूस, दुकानात भिंतभर घड्याळं, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कुणी सहज "किती वाजले हो?" म्हटलं, की मान वर न करता विचारायचे, "कशाला हवंय?"

आता याला काय उत्तर द्यायचं? माणूस चिडायचा. "कशाला म्हणजे? उगीच!"

"मग उगीचच वाजलेत," म्हणून ते परत भिंग डोळ्याला लावायचे.

पण कुणी म्हटलं, "नाटे गावची एसटी गाठायचीय," तर लगेच, "पळा, सुटेल!" कुणी म्हटलं, "बँकेत जायचंय," तर, "आता नको, जेवायला उठलेत." वेळ अशी त्यांनी कुणाला सांगितल्याचं मला आठवत नाही, पण त्यांच्या सांगण्यावर जाऊन कुणाची एसटी चुकल्याचंही ऐकलं नाही. स्वतःच्या मनगटावर मात्र घड्याळ नाही. विचारलं तर म्हणायचे, "आचारी घरी जाऊन परत स्वयंपाक करतो काय?"

सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. स्वतःचं नाव होतं, पण लग्नपत्रिकेत छापल्यानंतर ते कुणी वापरल्याचं ऐकिवात नाही. बाजारातल्या एका आळीत दीड दाराएवढं दुकान. आता तिथे मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात, आणि वेळ विचारली तर तिथला माणूस मुकाट्यानं सांगतो. काही मजा नाही.

दुकानाला वेळापत्रक नव्हतं, ऊन होतं. सकाळी समोरच्या कौलांवरून उतरून ऊन त्यांच्या टेबलावर आलं, की दुकान उघडं. साधारण दहाला. सरकत सरकत ते टेबलाच्या कडेवरून खाली उतरलं, की बंद. साधारण एकला. ट्यूबलाइट होती, पण ती गिऱ्हाइकांची तोंडं बघण्यापुरती. "ती थरथरते," म्हणायचे, "आणि माझा हात थरथरत नाही. आमचं दोघांचं जमत नाही." मृग लागला की थेट दसऱ्यापर्यंत ते एकाही मनगटी घड्याळाचं झाकण उघडत नसत. दमट हवा आत जाऊन बसते म्हणून. सुटे भाग ठेवायचे ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, भाजलेल्या तांदळात पुरून. एकदा घरातले तांदूळ संपले म्हणून त्यांच्या बायकोनं त्याच डब्यातले मूठभर दळून घेतले. त्या दिवशीचं घावन त्यांनी म्हणे भिंग लावून खाल्लं, आणि तिसऱ्या घासाला चाक सापडलं.

उजवा डोळा घड्याळांसाठी आणि डावा माणसांसाठी, अशी त्यांनी वाटणी केली होती. उजव्यावरचं भिंग नाडीनं डोक्याला बांधलेलं असायचं, ते काढत नसत. तुमच्याशी बोलायचे ते डाव्या डोळ्यानं, मान जराशी वाकडी करून. त्या एका डोळ्यासमोर खोटं बोलणं मोठं कठीण होतं. मी बोलून बघितलंय, म्हणून सांगते.

आणखी एक गंमत. त्यांच्या भिंतीवरची दुरुस्त झालेली घड्याळं कधीही एक वेळ दाखवत नसत. एक दहा मिनिटं पुढे, एक सात मिनिटं मागे, एक चांगलं पंचवीस मिनिटं पुढे. एकदा एका हेडमास्तरांना ते सहन झालं नाही. म्हणाले, "अहो, तुमच्या दुकानात एकही घड्याळ बरोबर नाही!"

"सगळी बरोबर आहेत," घड्याळजी म्हणाले. "वेगवेगळ्या घरांची आहेत." मग एकेक दाखवायला लागले. "हे नाट्याचं. पंचवीस मिनिटं पुढे. त्या घरच्या म्हातारीला एसटीस्टँडवर आधी जाऊन बसायला लागतं. हे मागे आहे ते जोशीकाकांचं. ते उशिरा उठतात नि घड्याळाकडे बघून वेळेवर उठलो म्हणतात. आणि हे…" घड्याळ आलं तेव्हा जितकं पुढे किंवा मागे होतं, तितकंच ठेवून ते परत करायचे. "मोडलंय ते जोडायला माझ्याकडे दिलंय," म्हणायचे. "त्यांची सवय मोडायला कुठे दिलंय?"

म्हणूनच घड्याळ हातात घेतलं, की काय बिघडलंय ते ते विचारायचेच नाहीत. ते त्यांना दिसायचं. ते विचारायचे, "हे कशासाठी बघता?" मिरकरवाड्याच्या बंदरातला एक तांडेल, मच्छीमार होडीचा म्होरक्या, खाऱ्या पाण्यानं गंजलेलं घड्याळ घेऊन आला होता. म्हणाला, "टायम बघूक." घड्याळजींनी घड्याळ त्याच्याकडे परत सरकवलं. तांडेल तापला, दारापर्यंत गेला, परत आला, आणि म्हणाला, "बर्फवाला उशिरा येतो, त्याला दाखवूक. टायम मला सूर्यावरून कळतो." हे ऐकल्यावर त्यांनी त्याच्या घड्याळाला जाड काटे बसवून दिले. हातभर लांबून बर्फवाल्याला दिसतील असे.

आता माझ्याकडे येते. टाळत होते, पण यायला हवं.

मी तेव्हा चोपन्न वर्षांची होते. माझी नात विचारते, "आजी, म्हणजे तेव्हा तू म्हातारी होतीस?" छे गो, तेव्हा मी मूर्ख होते. म्हातारी नंतर झाले.

मला दोन गोष्टींचा भयंकर अभिमान होता. एक, मला मोबाइलवर व्हिडिओ बघता यायला लागले होते. दुसरी, माझी तांब्या-पितळेची भांडी. आमसूल कोळून, त्यात चिमूटभर मीठ घालून मी समया घासत असे. शेजारणी बघायला यायच्या. मी घासलेल्या परातीत बघून आमच्या घरातल्या पुरुषांनी दाढ्या केल्या आहेत. यात अतिशयोक्ती एवढीच, की एकाच पुरुषानं आणि एकदाच.

सासूबाईंना ऐंशी पुरी होऊन गेली होती. त्यांचं सहस्रचंद्रदर्शन रविवारी करायचं ठरलेलं. त्याआधी मोतीबिंदू काढून घ्यायला त्या डोंबिवलीला माझ्या नणंदेकडे गेल्या होत्या, आणि शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं दोघी येणार होत्या. सासूबाई सरकारी नर्स होत्या. खाडीकाठच्या गावांमध्ये होडीनं जाऊन त्यांनी बाळंतपणं केलेली. निम्मा तालुका त्यांच्या हातावर जन्मलेला, आणि उरलेला निम्मा त्यांना घाबरून असायचा. गावासाठी त्या नर्सबाई, माझ्यासाठी आई.

आईंचं एक चावीचं घड्याळ होतं. नोकरी लागल्यावर घेतलेलं, लहानसं, परदेशी. सहाच्या जागी बटणाएवढी आणखी एक तबकडी आणि तिच्यात सेकंदकाटा. वीस वर्षांपूर्वी ते विहिरीच्या कठड्यावरून खालच्या चिऱ्यावर पडलं आणि थांबलं. आईंनी ते रुमालात गुंडाळून कपाटातल्या डब्यात ठेवलं. परत कधी त्याचं नाव काढलं नाही. पण दर दिवाळीला कपाट आवरताना तो रुमाल तेवढा बदलायच्या. हे मी पाहिलेलं होतं.

तर माझ्या डोक्यातून निघालं, की हेच घड्याळ चालू करून सगळ्यांसमोर त्यांच्या हातावर बांधायचं! नणंदबाई सोन्याच्या पाटल्या देणार होत्या. त्यांच्यावर कडी करायची, हा त्यातला हेतू तेव्हा मी स्वतःपासूनसुद्धा लपवला होता.

मंगळवारी दुपारी घड्याळ काढलं. तबकडी पिवळट झालेली, डागाळलेली. असं मळकं घड्याळ घड्याळजींकडे कसं न्यायचं? माणूस डॉक्टरकडे जाताना आंघोळ करून जातो. मोबाइलवर एक गोरा माणूस जुनं घड्याळ साफ करत होता. तो काय बोलत होता ते मला कळलं नाही, पण कशानंतरी घासत होता एवढं दिसलं. म्हटलं, याच्याकडे बिचाऱ्याकडे आमसूल नसेल. सुरीच्या टोकानं काच उचलली. ती टक्‌ करून निघाली, तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. काडीला कापूस गुंडाळला, आमसुलाच्या पाण्यात बुडवला. सेकंदाच्या छोट्या तबकडीत गंजाचे दोन तांबडे ठिपके होते, ते आधी जीव तोडून काढले. मग बारापासून सुरुवात केली.

तबकडी लख्ख झाली, हे कबूल करायला हवं. इतकी लख्ख, की घासल्या जागी काही उरलंच नाही. बारा गेले, एक गेला, दोन, तीन, चार गेले. पाचावर पोचले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मळाबरोबर आकडेही निघतायत. देवांना चालतं ते घड्याळाला का चालू नये, हा माझा प्रश्न होता. देवांवर आकडे छापलेले नसतात, हे उत्तर मला पाचावर सुचलं.

आणि लगेच दुसरा विचार आला. आईंचा मोतीबिंदू निघालाय. आता त्यांना सगळं लख्ख दिसणार!

बुधवारी ऊन टेबलावर यायच्या आधीच मी घड्याळजींच्या दारात उभी. त्यांनी घड्याळ घेतलं, उलटंसुलटं केलं, आणि नाकाशी नेलं.

"वैनी, हे सोलकढीत पडलं होतं काय?"

"नाही हो. काहीतरीच!"

"मग आमसुलाचा वास कसा?"

"घरात असतोच की सगळीकडे," मी म्हटलं. "कोकणातलं घड्याळ आहे."

डावा डोळा माझ्यावर थोडा वेळ थांबला. मग त्यांनी पाठचं झाकण उघडलं आणि आतल्या बाजूला उजव्या डोळ्यानं बघत राहिले. घड्याळ उघडणारा कारागीर झाकणाच्या आत सुईनं बारीक खूण कोरून ठेवतो, हे मला तेव्हा कळलं. "आमच्या बाबांचा हात," ते म्हणाले. आवाज अगदी मऊ झाला होता. मग वाचलं, "काच नवी. ठिपके दोन, तांबडे." घड्याळ पलटून पुढून बघितलं. "ठिपके कुठे आहेत?"

"कसले ठिपके?" मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच कळलं, कसले ते.

बसायला स्टूल होतं, म्हणून बरं. मी सगळं सांगून टाकलं. सुरी, कापूस, गोरा माणूस, सगळं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. फक्त म्हणाले, "आतल्या चक्राचा आस मोडलाय. तो मी करीन. बाकी घड्याळ जिवंत आहे. पण नर्सबाई हे कशासाठी बघायच्या?"

"वेळ बघायला. दुसरं काय?"

घड्याळ काउंटरवरून माझ्याकडे सरकलं. "विचारून या."

"अहो, त्या डोंबिवलीला आहेत! त्यांना कळता कामा नये! तुम्ही तबकडी नवीन छापून आणा ना. मुंबईला छापून देतात म्हणे."

"देतात. नवीकोरी. पत्ता देतो. मग रविवारी सांगा, की आई, तुम्हाला नवीन घड्याळ आणलंय."

"निदान आकडे तरी काढा हातानं!"

"आकडे तुम्ही घालवलेत. ते मी खोटे काढणार नाही. ठिपके बाबांनी घातले होते, ते माझ्या घरचं काम आहे. ते परत घालीन. पण कुठे आणि कशाला घातले होते ते कळल्याशिवाय नाही."

घरी येऊन मी फोन लावला. वाक्यं आधीच जुळवून ठेवली होती. माझ्याइतकी धूर्त बाई जिल्ह्यात नाही, अशी तेव्हा माझी समजूत होती.

"आई, कशा आहात? डोळा कसा आहे? सहज आठवलं हो… तुम्ही नोकरीत होतात तेव्हा घड्याळाकडे कशाला बघायचात?"

"का गो? कोण आजारी आहे?"

"कुणी नाही!"

"मग नाडीची चौकशी कशाला? खरं सांग, ह्याला काय झालंय?" हा म्हणजे माझा नवरा, जो शेजारच्या खुर्चीवर बसून फणसाचे तळलेले गरे खात होता. त्याला फोनवर "मी बरा आहे" असं म्हणायला लावलं, तेव्हा त्या शांत झाल्या. मग बोलायला लागल्या. वेळ बघायला त्यांना घड्याळ कधी लागलंच नाही. बाळ यायचं तेव्हा येतं, होडी भरती बघून सुटते. घड्याळ बघायचं ते नाडी मोजायला. मोठ्या माणसाची पाव मिनिट मोजून चारानं गुणायची. पोटातल्या बाळाचे ठोके अर्धा मिनिट मोजून दुप्पट. "कंदिलाच्या उजेडात त्या बारीक रेघा कुठल्या दिसायला? म्हणून त्या घड्याळजीच्या बापाकडून दोन तांबडे ठिपके घालून घेतले. एक पंधरावर, एक तिसावर. काटा ठिपक्यावर आला, की मोजणं थांबवायचं. एकदा एका बाळाचे ठोके…" त्या थांबल्या. "जाऊ दे. ते पोर आता जयगडच्या बंदरात क्रेन चालवतं." मग एकदम म्हणाल्या, "कपाटातला डबा उघडलास काय?"

"नाही हो आई!"

"बरं."

त्या "बरं"मुळे मला रात्रभर झोप लागली नाही.

खरं तर आता सरळ घड्याळजींकडे जायचं. उत्तर मिळालं होतं. पण नाही. मला ते अर्धबोडकं घड्याळ दिसत होतं. रविवारची साठ माणसं, नणंदबाईंच्या पाटल्या, आणि मधे मी, अर्ध्या आकड्यांचं घड्याळ घेऊन. गुरुवारी मी घड्याळ घेऊन मारुती मंदिराकडच्या एका मोठ्या, काचेच्या दुकानात शिरले. आत गारवा, अत्तराचा वास. काउंटरवरची मुलगी भारी गोड होती. म्हणाली, "काकू, टेन्शनच नको. आतलं सगळं काढून बॅटरीचं मशीन टाकू, तबकडी नवीन, दोन तासांत देते."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. किती सोपं होतं! तिनं घड्याळ आत पाठवायला उचललं आणि जाता जाता म्हणाली, "फक्त या साइझमध्ये दोनच काटे येतात हां काकू. सेकंदकाटा नसेल. चालेल ना? तो कोण बघतं?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं. आणि मला आईंचं मनगट दिसलं. नवीन, चकचकीत, सगळे आकडे असलेलं घड्याळ, आणि त्यात आई ज्याकडे बघायच्या तेवढंच नाही. साठ माणसांपैकी कुणाच्या लक्षात आलं नसतं. आईंनी "छान आहे" म्हणून हातावर बांधून घेतलं असतं, आणि सोमवारी ते रुमालात गेलं असतं. या वेळी कायमचं.

"दे इकडे," मी म्हटलं. जरा जास्तच मोठ्यानं. पोरगी दचकली.

रिक्षा करून आळीत आले. ऊन टेबलाच्या मध्यावर होतं. घड्याळजींनी मान वर न करता नुसता हात पुढे केला. एक दिवस कुठे होतात, हे विचारलं नाही. मी घड्याळ तळहातावर ठेवलं आणि सांगितलं, "पंधरा आणि तीस. नाडीसाठी."

"हां," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी भिंग कपाळावर सरकवून दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

गुरुवार, शुक्रवार मी स्टुलावर बसून होते. त्यांच्याकडे धातू कातायचं वीतभर लेथ होतं, वीज नाही, धनुकलीसारख्या कमानीनं फिरवायचं. कमानीला घोड्याच्या शेपटीचा केस. तांदळाच्या दाण्याच्या चौथाई एवढा पोलादाचा आस त्यावर ते घडवत होते. पहिला मोडला. दुसरा चिमट्यातून उडाला, आणि आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून जमीन शोधली, तो नाही तो नाहीच. "तो गेला देवाघरी," म्हणून तिसरा करायला घेतला. तिसरा बसला शनिवारी साडेबाराला. त्यांनी चावी दिली, घड्याळ कानाशी धरलं, आणि मग माझ्या कानाशी. वीस वर्षांनी ते चालत होतं! मी टाळ्या वाजवल्या. समोरचा कापडवाला बाहेर येऊन बघून गेला.

पण ठिपके राहिले होते. मिरकरवाड्याहून होडी रंगवायचा लाल रंग त्यांनी टोपणभर आणून ठेवलेला. सुईचं टोक त्यात बुडवलं, हात टेबलावर टेकला, आणि ऊन टेबलावरून खाली उतरलं.

घड्याळजींनी सुई पुसली. "सोमवारी," म्हणाले.

"सोमवारी कसं? उद्या आहे कार्यक्रम! आज संध्याकाळी त्या येतायत! लावा ना ट्यूबलाइट!"

"वैनी, ठिपका रेघेवर पडला पाहिजे. केसभर पुढे गेला तर नाडी चुकेल. ट्यूबलाइटवर नाही."

मी रस्त्यावर आले. डोळ्यांत पाणीच आलं होतं. आणि समोर बघते तर भर रस्त्यात लख्ख ऊन पडलेलं. फक्त दुकानात येत नव्हतं.

मग माझ्या आयुष्यातली एकमेव हुशारी मी केली. घरी धावले. पाच मिनिटांवर घर, तीन मिनिटांत गेले. ओट्यावरून परात उचलली, सोमवारीच घासलेली. आळीच्या पलीकडच्या कडेला उभी राहिले आणि परात उन्हात धरून तिरकी केली. उजेडाचा एक मोठा गोळा भिंतीवरून नाचत नाचत दुकानात शिरला, घड्याळजींच्या तोंडावर पडला. ते ओरडले, "डोळ्यांत नको! खाली! टेबलावर! जरा डावीकडे… आता हलू नका!"

मी हलले नाही. स्कूटरवाले हॉर्न वाजवत होते. कुणीतरी विचारलं, "काय वैनी, वाळवण घातलंय काय?" कापडवाला आपणहून रस्त्यात उभा राहून रिक्षा थांबवायला लागला. चोपन्न वर्षांची बाई, पदर खोचून, डोक्यावर परात धरून, भर दुपारी पुतळ्यासारखी उभी. हात भरून आले, खांद्यात कळा यायला लागल्या. परात एवढीशीही हलू दिली नाही. किती वेळ ते सांगता येत नाही. तिथे वेळ कुणाला विचारणार?

आतून आवाज आला, "झालं!" आणि सगळ्या आळीनं टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते अर्ध्या लोकांना ठाऊक नव्हतं.

रविवारी अंगणात मांडव. आईंना पाटावर बसवलेलं, दिव्यांचं तबक फिरवून झालेलं. नणंदबाईंच्या पाटल्या झाल्या, वाहवा झाली. मग मी डबी पुढे केली. आईंनी उघडली. घड्याळ टिकटिक करत होतं. त्या नव्या डोळ्यानं बघत राहिल्या. मांडवात शेवटच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला, घड्याळजी येऊन बसले होते. ते कुणाच्याही कार्याला जात नसत. भिंग नव्हतं, तर चेहरा ओळखूच येईना.

"आकडे काय झाले गो?" आईंनी विचारलं.

मी तीन थापा तयार ठेवल्या होत्या. एक तर फारच सुरेख होती. खांबाआडून तो डावा डोळा माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "मी आमसुलानं घासले, आई. तुमचे ठिपकेसुद्धा गंज समजून काढले. ठिपके घड्याळजींनी परत घातलेत. आकडे गेले ते गेले."

नणंदबाई "अगो बाई!" म्हणाल्या.

"ते मला फोनवरच कळलं होतं," आई म्हणाल्या. "तुला कधीच धड खोटं बोलता आलं नाही." मग त्यांनी घड्याळ हातावर बांधून घेतलं, तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला, नर्स बांधतात तशी. "हात दे."

माझ्या मनगटावर त्यांची तीन बोटं पडली. ऐंशी वर्षांची बोटं, पण पकड तीच. त्या घड्याळाकडे बघत होत्या, आकड्यांकडे नाही, खालच्या छोट्या तबकडीकडे. काटा लाल ठिपक्यावर आला. "सव्वीस. सव्वीस चोक एकशे चार. घाबरलीस चांगलीच!"

मांडव फुटला हसून. आणि मग काय सांगू! भटजी आले, हात पुढे केला. विहीणबाई आल्या. नणंदबाईंनी पाटल्या वर सरकवून मनगट मोकळं केलं. रांगच लागली. आई एकेकाला सांगत होत्या, "ऐंशी. गोड कमी कर." "अडुसष्ट. बरा आहेस, उगीच कण्हत असतोस." पाटावर बसवलेली म्हातारी राहिलीच नाही तिथे, नर्सबाई ड्यूटीवर होत्या. पाठ ताठ, आवाज खणखणीत. असा आवाज मी निवृत्तीनंतर ऐकलाच नव्हता.

घड्याळजी हळूच उठून निघाले होते. आईंनी बरोबर पाहिलं. "ओ! चाललात कुठे? इकडे या!"

ते आले. खाली मान घालून समोर बसले. आईंनी त्यांचं मनगट धरलं. घड्याळजींनी कान आईंच्या मनगटावरच्या घड्याळाशी नेला आणि डोळे मिटले. त्या त्यांचे ठोके मोजत होत्या आणि ते घड्याळाचे. मांडवात एवढी शांतता, की दोन्ही ऐकू येतील असं वाटलं.

काटा ठिपक्यावर आला.

"अठरा चोक बहात्तर," आई म्हणाल्या.

घड्याळजींनी डोळे उघडले. "पंधरा सेकंद," म्हणाले. "बरोबर पंधरा."